डोळ्यांची उंची

नातीच्या कंपासपेटीतला गुण्या हातात घेतला आणि नार्वे गावातला आमचा वठलेला माड डोळ्यांपुढे उभा राहिला.

तो पाडायचा होता. दोर ओढणाऱ्याने किती लांब उभं राहायचं, एवढाच प्रश्न होता. मी आठवीत होते. "ह्या गुण्याच्या काटकोनाच्या दोन्ही बाजू सारख्या. एक बाजू जमिनीला समांतर धरा आणि तिरक्या बाजूवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरा. बुंध्यापासून जेवढं अंतर, तेवढा माड उंच," असं मी बाबांना ऐटीत शिकवलं. गुण्या डोळ्याला लावून बाबा मागे मागे गेले. शेंडा दिसला तिथे त्यांनी खुंट ठोकला आणि एक पाऊल मागे दोर धरून उभे राहिले.

गुण्या जमिनीवर नव्हता, बाबांच्या डोळ्यापाशी होता. त्या अंतरात डोळ्यापर्यंतची त्यांची उंची मिळवायची असते. तेवढंच सांगायचं मी विसरले होते.

माड कडाडला. लेकीचं गणित, म्हणून बाबा जागचे हलले नाहीत. शेंडा त्यांच्या गुडघ्यावर आला.

पुढे जन्मभर ते लंगडत चालले. मी रडले की म्हणायचे, "हिशोब बरोबर गो तुजो, बाय. हांवच चुकीच्या जाग्यार रावलों."

बाबा गेले. चूक कुठे होती, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.