पाटीची कड

नर्सने दंडावर स्पिरिट फिरवलं की मला पीण्या औद्योगिक वसाहतीतला तो लेझर कटिंगवाला आठवतो. बाबांच्या जयनगरच्या दवाखान्याची पाटी त्याने जाड अ‍ॅक्रिलिकमधून इतकी सावकाश कापली होती, की कड काचेसारखी नितळ आली. "स्पिरिट लावू नका, कोरड्या फडक्यानेच पुसा," असं त्याने दोनदा बजावलं होतं. तरी बोटांचे ठसे दिसले म्हणून मी दवाखान्यातलंच स्पिरिट फिरवलं, आणि सकाळी कडेवर बारीक तडे. पाटी घेऊन तडक त्याच्याकडे गेलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "असलं कटिंग करतात का?" त्याने तड्यांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि नवा तुकडा मशीनवर ठेवला. नवी पाटी त्याने कोरड्या फडक्यात गुंडाळून दिली. ते फडकं मी अजून टाकलेलं नाही. खरं सांगायला मात्र परत गेलो नाही.