डब्यावरचा लाल ठिपका

आमची ही दवाखान्यात औषधं देते. सत्तावीस वर्षं तीच खिडकी, तेच स्टूल. नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई, पण समोर गरोदर बाई आली की आवाज खाली येतो. कितवा महिना, आधीचं काही औषध चालू आहे का, डोकं दुखलं की घरातली कुठलीही गोळी घेतेस का, हे विचारल्याशिवाय हातात काही देत नाही. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे, म्हणते.

गरोदरपणातल्या औषधांची जुनी वर्गवारी तिला तोंडपाठ. ए आणि बी म्हणजे फारशी भीती नाही, सी म्हणजे नीट माहिती नाही, डी म्हणजे बाळाला धोका दिसलाय, पण आईला गरजच असेल तर डॉक्टर देतात, आणि एक्स म्हणजे अजिबात नाही. या अक्षरांवरून हिने डब्यांवर ठिपके चिकटवले: हिरवे, पिवळे, लाल, काळे. ही अक्षरं आता मागे पडली, लोक त्यांना परीक्षेतल्या श्रेणीसारखं समजतात, असं नव्या डॉक्टरीणबाई दोनदा सांगून गेल्या. ऐकेल तर ती आमची ही कसली! उलट उरलेले ठिपके घरी आणून आमच्या कपाटातल्या औषधांनाही लावले. माझी रक्तदाबाची गोळीसुद्धा लाल. मी म्हटलं, मला काय दिवस जाणार आहेत? त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही.

सुनेला लहानपणापासून फिट येते. गोळीमुळे पाच वर्षांत एकदाही आली नव्हती. मूल हवं असं ठरल्यावर दोघं आधी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गोळी बदलून दिली, मात्रा बेताची ठेवली, सोबत फॉलिक ॲसिड दिलं आणि बजावलं, की ही गोळी मनाने सोडायची नाही. मग दिवस गेले. तिसरा महिना लागला, सगळं सुरळीत होतं.

एका सकाळी मुलगा कामावर गेलेला, ही दवाखान्यात. सून ओट्याशी दूध तापवत होती, मी पेपर वाचत होतो. धप्प आवाज आला. धावलो तर ती जमिनीवर, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देतायत. गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला. दोनच मिनिटं असतील, पण संपता संपेनात.

हिच्याच दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर दोघांचा जीव टांगणीला. बाळाचे ठोके नीट आहेत असं कळलं, तेव्हा कुठे ही बाकावर टेकली. सुनेने चार दिवस गोळी घेतलीच नव्हती, हेही तेव्हाच कळलं. झालं, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. एवढी शिकलेली मुलगी, बजावलं होतं ना, माझ्या घरात राहून असं करतेस?

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, गेल्या आठवड्यात माझ्या डब्यावर लाल ठिपका तुम्हीच लावलात. मला वाटलं, तोंडाने सांगणं तुम्हाला अवघड जातंय. बाळासाठी सोडली मी."

हिने स्वतःचे कान धरले. तेहेतीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला हिचा राग आला आणि स्वतःचाही. ठिपक्यांवर विनोद करायला मी पुढे, पण लाल म्हणजे "बंद कर" नव्हे, हे त्या पोरीला दोघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही तासभर लवकर गेली आणि खिडकीमागचे सगळे ठिपके ब्लेडने खरवडून काढले. घरचे मी काढले. आता ती प्रत्येकीला पाकिटावर लिहून देते: गोळी कशासाठी, किती दिवस, आणि सोडायच्या आधी कोणाला विचारायचं. रांग पूर्वीपेक्षा लांब झाली आहे.

नात झाली, चांगली तीन किलोची. घरी आणलं त्या दिवशी सुनेने गोळी हातात घेतली आणि हिला विचारलं, "आई, अंगावर पाजताना ही चालेल ना?"

उत्तर हिला ठाऊक होतं, मी पैज लावून सांगतो. तरी हिने फोन उचलला, डॉक्टरीणबाईंना लावला आणि सुनेच्या हातात दिला.