अकरा गोलांची छाननी

माझ्या भाचीने तीन सामन्यांत अकरा गोल केले आणि तिच्या वडिलांनी बोरीवलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गेटवर बॅनर लावला. शाल-नारळही झाला. हॉकीची निवड चाचणी व्हायला अजून तीन आठवडे होते, पण सत्कार उरकून घेतला. निवड झाली तर निवासी प्रशिक्षण आणि पुढे कदाचित खेळाडू म्हणून नोकरी. नाही झाली तर सगळं संपलं, कारण वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष.

मी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या संघातून सतरा वर्षं हाफ म्हणून खेळलो. म्हणून बहिणीने विचारलं, "दादा, खरं सांग. पोरगी पुढे टिकेल?"

तिन्ही सामने मी वही घेऊन पाहिले होते. मैदान मातीचं. समोरच्या गोलकीपर मुलींच्या पायांना क्रिकेटचे पॅड, डोक्याला काहीच नाही. जोरात फटका आला की त्या बाजूला सरकत. शहाण्या मुली. आठ गोल असे झाले. दोन वेळा चेंडू ढेकळावरून उडून आत गेला.

"भावोजी, अकरातला एक गोल खरा आहे," मी म्हणालो.

"दादा, तुम्ही प्रसादातले काजूपण मोजाल!"

"मोजतो. आणि ही मधल्या फळीत, हाफ म्हणून खेळायला हवी. एकतीस वेळा तिने समोरच्यांचा पास मध्येच अडवला. त्यातले सव्वीस चेंडू थेट आपल्याच संघातल्या मुलीच्या स्टिकवर दिले, त्या खड्ड्यांतून."

त्यांच्या मोबाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. गोल झाल्यावर मुलगी नाचते, तेवढंच त्यांनी टिपलं होतं.

"हाफला कोण विचारतं? बॅनरवर फॉरवर्ड छापलंय!"

मुलीने कुठे खेळायचं हे फ्लेक्सवाल्याने ठरवायचं! मी चहा अर्धा ठेवून उठलो.

भाची जिन्यापर्यंत आली. "मामा, चाचणीच्या सपाट टर्फवर असे गोल नाही होणार ना?"

"नाही."

"मला माहीत होतं रे. पण पप्पांना सांगणार कोण?"

चाचणीच्या अर्जावर तिने स्वतःच्या हाताने 'हाफ' लिहिलं. चाचणीच्या दिवशी तिथली गोलकीपर नखशिखांत पॅडमध्ये होती आणि बाजूला होण्याऐवजी अंगावर धावून येत होती. इतर सत्कारमूर्ती फॉरवर्ड पहिल्या अर्ध्या तासात गारद झाल्या. भाची मागे उभी राहून एकामागून एक पास तोडत होती. निवड करणाऱ्या बाई तिच्याकडे बघून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मीही लिहीत होतो.

भावोजी साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. यादी वाचून झाल्यावर ते मोबाइल उंच धरून धावत आले.

"किती गोल?"

"एकपण नाही, पप्पा."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि ते रिक्षा बघायला गेटकडे निघाले. यादीत नाव आलं का, हे त्यांनी विचारलंच नाही. आलं होतं.