पुढच्या चाकातून खोबरेलाचा वास

मी मुळात भित्रा. त्यामुळे मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या, चाकाची चकती आवळणाऱ्या कॅलिपरमधून तेल झिरपायला लागलं, तेव्हा गाडी तशीच दामटायची माझी हिंमत झाली नाही. बोईसरहून नवी रबरी सील आणली आणि चिंचणीला आमच्या अंगणात कॅलिपर उघडून बसलो. दुकानदाराने बजावलं होतं, सीलला ब्रेक ऑइलच लावा, दुसरं काही नको. मी तेच लावलं, सील खाचेत बसवली आणि पिस्टन आत दाबायचा बाकी ठेवून जेवायला गेलो.

बाबा ओट्यावर बसून बघत होते. आमच्या वाडीत विहिरीचा रहाट कुरकुरो, कुलूप अडो की माझा गुडघा दुखो, औषध एकच, घरचं खोबरेल.

जेवून येऊन मी पिस्टन दाबला, कॅलिपर जागेवर बसवला. पुढच्या आठवड्यात बाबांचे डोळे दाखवायला त्यांना मागे बसवून बोईसरला निघालो. गाडी जड ओढत होती. दोघं बसलोय म्हणून असेल, अशी मी माझी समजूत घातली. कारखान्यांच्या रस्त्याला ट्रकांच्या गर्दीत शिरलो आणि पुढच्या चाकाकडून तापल्या खोबरेलाचा वास आला. ब्रेक दाबला, तर दांडी थेट मुठीला टेकली.

समोरचा ट्रक थांबत होता. मागे हातभर बाहेर आलेल्या लोखंडी सळया, त्यांना बांधलेलं लाल फडकं. मी मागच्या ब्रेकवर उभाच राहिलो, गिअर खाली पाडले. खांद्यावर बाबांचा हात होता. ते रस्त्यावर पडलेत आणि मागून टँकर येतोय, एवढंच मला मनात दिसत होतं. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. गाडी थांबली तेव्हा ते फडकं माझ्या शर्टाला लागत होतं.

कशीबशी गाडी कडेला घेतली. कॅलिपरमधून तेल ठिबकत होतं.

"बाबा, तुम्ही रबराला काही लावलंत का?"

"खोबरेल. तू जेवायला गेला तवा. मला ते सुकंच वाटलं." मग वाकून बघत म्हणाले, "कमी पडलं काय?"

मला ओरडावंसं वाटलं. सांगूच नये असंही वाटलं. पण नाही सांगितलं, तर पुन्हा लावतील. म्हणून सांगितलं. खोबरेलाने ते रबर फुगतं, ब्रेक आवळून राहतो, तापतो आणि शेवटी ऐन वेळी दगा देतो. बाबा चाकाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पुढे निघून गेलेल्या ट्रकवर होती.

"तुम्ही पडाल याचीच भीती वाटत होती," मी म्हणालो. "दुसरं काही सुचलंच नाही."

"मी तर मागं होतो," बाबा म्हणाले. "सळया तुज्या छातीसमोर होत्या."

तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसलो आणि बाबाही माझा दंड घट्ट धरून शेजारी बसले.