मोजायच्या राहिलेल्या दोघी

सोलापुरात लोकसंख्येच्या एका संशोधन प्रकल्पासाठी सहायक निवडायचा होता. निवृत्त प्राध्यापक म्हणून मुलाखती घ्यायला मीही बसलो होतो. जवळच्या होटगीची एक मुलगी कानावर पेन्सिल खोचूनच आत आली.

मी म्हटलं, "समज, तू माझ्या घरी माहिती घ्यायला आलीस. मी कुटुंबप्रमुख. विचार प्रश्न."

"घरात किती जण, सर?"

"मी, दोन मुलं, नातू. चार."

"मग सैपाक तुमीच करताय व्हय?"

बायको आणि सून मोजायच्या राहिल्याच होत्या! आम्ही तिघे परीक्षक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. एकाच्या हातून चहा सांडला. तीही तोंडावर ओढणी धरून खुदखुदत होती.

तिची नोकरी हुकली ती माझ्यामुळे, हे आज सांगून टाकतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो, आणि सगळ्यांत कमी गुणही मीच दिले.