काय वाजावं, काय वाजू नये

"उसको मत पूछो, फजल. नया शादी है. पूछे तो ना नहीं बोलेगी, फिर घर में उसको तकलीफ."

हे आमचे टीमलीड रमणा सर टीममधल्याच फजलभाईंना पॅन्ट्रीत सांगत होते. मी दाराच्या अलीकडे पाण्याची बाटली भरत होते. बाटली भरून हातावरून वाहायला लागली तेव्हा नळ बंद केला आणि जागेवर येऊन बसले. 'उसको' म्हणजे मीच. आमच्या टीममध्ये नवीन लग्न झालेलं दुसरं कोणी नव्हतं.

काय विचारायचं नव्हतं, तेही मला ठाऊक होतं. एक मोठा नवा क्लायंट येणार होता. त्याच्या सगळ्या सर्व्हरसाठी नियम लिहायला एक माणूस हवा होता: कुठल्या मशीननं कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं. ते काम मला हवं होतं. कुणाला बोलले नव्हते, पण हवं होतं.

आमचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या सर्व्हरवर आणि नेटवर्कवर नजर ठेवणं. भिंतीवर मोठा स्क्रीन. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष असू द्या, लाल म्हणजे पळा. दिवसभर हिरवं राहिलं की आम्ही काम केलं. थोडक्यात, काही न घडण्याचा पगार. पण काही घडू नये म्हणून जिथे माणसं बसवलेली असतात, तिथे किस्से फार साठतात. मी बोलत कमी असल्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच.

*

नवीन पोरं आली की त्यांना पहिल्या दिवशी इव्हेंट आणि अलर्ट यांतला फरक समजावून सांगावा लागतो. रमणा सरांकडे त्याच्या स्लाइड्स आहेत. पोरं त्या बघतात, मान डोलावतात आणि चहाला आल्यावर फजलभाईंना विचारतात, "भाई, मतलब क्या?"

फजलभाई काचीगुड्याला स्टेशनाजवळ राहतात. त्यांची व्याख्या अशी:

"देखो मियाँ. स्टेशन पे गाडी आई, ये इव्हेंट. ऐसे दिन में कितने आते, जाते. अपन को क्या करना? अब गाडी में से सास उतरी, ये अलर्ट."

"और क्रिटिकल, भाई?"

"सास बडी पेटी लेके उतरी."

त्यानंतर कुणी स्लाइड उघडल्याचं मला आठवत नाही. रमणा सरांनी मात्र शेवटच्या स्लाइडवर गुपचूप रेल्वेचं चित्र टाकलं आहे.

*

साड्यांच्या दुकानांची साखळी असलेले एक क्लायंट होते. त्यांचे मालक पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "छोटा-बडा कुछ नहीं. हमको सब बताना."

आम्ही सब सांगायला लागलो. मशीनवर थोडा ताण आला, फोन. बॅकअप सुरू झाला, मेसेज. बॅकअप संपला, मेसेज. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज दमलेला.

"पूजा में बैठा, फोन. खाने को बैठा, फोन. मेरी बीवी पूछ रही, ये कौन है जो दिनभर याद करता. अब कुछ नहीं बताना."

आम्ही सगळं बंद केलं. मग त्यांचेच फोन यायला लागले. "सब ठीक है ना? नहीं, आपका फोन नहीं आया, इसलिए पूछा."

रमणा सरांनी कपाळाला हात लावला आणि फोन माझ्याकडे दिला. मी एकच प्रश्न विचारला. "सर, ऐसा क्या हुआ तो आप खाना छोडके उठेंगे?"

ते म्हणाले, "बिलिंग बंद हुआ तो." आणि लगेच, "दसरे के हफ्ते में कुछ भी हुआ तो."

मी तेवढंच लिहून काढलं. आमच्यात याला थ्रेशोल्ड ठरवणं म्हणतात. म्हणजे ती रेघ, जी ओलांडली की घंटा वाजते. सॉफ्टवेअरमध्ये तिथे आकडा टाकावा लागतो, म्हणून लोकांना वाटतं की हे आकड्याचं काम आहे. मला ते माणूस कशासाठी ताटावरून उठेल हे शोधण्याचं काम वाटतं. त्या गृहस्थांना नंतर फार क्वचित फोन गेले. प्रत्येक वेळी ते उठले.

हे काम मला का हवं होतं, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

*

घरी सासूबाईंनी विचारलं, "मुक्ता, तू नेमकं करतेस काय गं तिथं?"

आमच्या सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. अर्धवट उत्तर त्यांना चालत नाही. मी सगळं सांगितलं. मशीन, स्क्रीन, लाल, पिवळं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय त्यावर डोळा ठेवायचा आणि जरा काही झालं की कळवायचं."

"हो, तसंच."

"आमच्या विद्यानगरात हे काम बायका फुकट करतात."

*

स्क्रीनवर लाल अलर्ट आला की कुणीतरी एक बटण दाबायचं असतं. आम्ही त्याला 'अॅक करणं' म्हणतो. बटण दाबलं की अलर्टपुढे तुमचं नाव लागतं आणि लाल रंग फिका होतो. अर्थ इतकाच की 'मी पाहिलं'. 'मी करतो' असा नाही. पण हा फरक फक्त ट्रेनिंगमध्ये राहतो.

रमणा सरांना भडक लाल बघवत नाही. येता-जाता दिसला की अॅक करून टाकतात, घरातला चालू राहिलेला पंखा बंद करावा तसा. एका दुपारी एका तपासणी लॅबचा रिपोर्ट छापणारा सर्व्हर पडला. सरांनी जाता-जाता बटण दाबलं आणि ते जेवायला गेले. सरांचं नाव दिसलं म्हणून फजलभाई निवांत. फजलभाई निवांत म्हणून बाकीचे निवांत. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. असते तर मीही निवांतच असते.

कोठी भागातल्या त्यांच्या शाखेत रिपोर्टसाठी रांग रस्त्यावर आली, तेव्हा फोन आला.

"मैं तो देखा था," रमणा सर म्हणाले.

"आप देखे सर," फजलभाई म्हणाले. "आपने देखा वो हम देखे. देखने में किसी ने कमी नहीं की."

हा किस्सा मी घरी निरंजनला सांगितला. निरंजन म्हणजे माझा नवरा. तो खूप हसला. तेवढ्यात आतून सासूबाईंनी विचारलं, "निरंजन, गॅसचा नंबर लावलास का रे?"

"हो हो, आई," तो म्हणाला आणि हसत राहिला. नंबर अर्थातच लावलेला नव्हता.

*

आमच्या घरचा एक किस्सा रमणा सर आता ट्रेनिंगमध्ये स्वतःचा म्हणून सांगतात, त्याची नोंद इथे असावी.

रविवारची सकाळ. निरंजन वरच्या खोलीतून ओरडला, "वायफाय गेलं!" न्हाणीघरातून सासरे म्हणाले, "अगं, मोटरचं पाणी थांबलं, मी साबणात आहे." मी स्वयंपाकघरात चटणीचा मिक्सर उलटा करून खाली बघत होते. तीन माणसं, तीन बिघाड. निरंजन इंटरनेटवाल्याला फोन लावायला निघाला, सासऱ्यांनी प्लंबरचं नाव घेतलं.

सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाइट गेली आहे. खामखा बोंबलू नका."

दहा अलर्ट एकत्र आले की त्यांच्यामागचं एक कारण शोधायचं, याला कोरिलेशन म्हणतात आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर मिळतं. रमणा सरांच्या कथेत वर्तमानपत्र वाचणारे ते स्वतः आहेत.

*

एखाद्या मशीनची दुरुस्ती चालू असली की तिचे अलर्ट तेवढ्यापुरते झाकून ठेवतात. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत ही काहीही ओरडली तरी लक्ष देऊ नका, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. मेंटेनन्स विंडो म्हणतात त्याला.

मी लग्नाच्या रजेवर होते तेव्हा एका क्लायंटच्या गोदामातला सर्व्हर दुसऱ्या इमारतीत हलवला. फजलभाईंनी विंडो लावली. सुरुवातीची वेळ टाकली. शेवटची टाकायची राहिली. ते लोक 'झालं' म्हणाले की टाकू, असं ठरलं होतं.

मी परत आले. मिठाई वाटली, सगळ्यांनी मेंदी बघितली, मग स्क्रीनसमोर बसले. तो सर्व्हर मला ओळखीचा होता. आठवड्यातून एकदा तरी कुरकुर करणारा. आता नुसता हिरवा.

"सर, ये इतना गप्प कैसे?"

"गप्प है तो अच्छा है ना, मुक्ता," रमणा सर म्हणाले.

उघडून बघितलं. हलवाहलव कधीच संपली होती, विंडो तशीच उघडी होती. मशीन रोज सांगत होती की डिस्कवरची जागा भरत आली आहे, आणि आमचं सॉफ्टवेअर सांगितल्याप्रमाणे ते ऐकून घेऊन कुणालाच कळवत नव्हतं. अगदी थोडी जागा उरली होती.

फजलभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बेचारा कब से चिल्ला रा था. हम समझे सो रा है."

त्या सुमारास माझ्याही बाबतीत काही गोष्टी बदलल्या होत्या. अवघड काम आलं की कुणीतरी म्हणायचं, "तू राहू दे, तुझं नवीन आहे." सहा वाजले की कुणीतरी आठवण करून द्यायचं, "घर में राह देखते होंगे." सगळे प्रेमानेच. फक्त हे कधीपर्यंत, ते कुणी टाकलेलं नव्हतं.

*

शेवटचा किस्सा पॅन्ट्रीतल्या बोलण्यानंतरच्या सोमवारचा.

सकाळी सासूबाई डबा भरत होत्या. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "आई, पुढच्या महिन्यापासून मला घरी यायला उशीर होईल. नवीन काम आहे."

"मिळालं?"

"नाही. मागायचं आहे अजून."

त्या थांबल्या. डब्याचं झाकण हातात तसंच. "त्यांनी देऊ केलं नाही?"

"नाही."

"मग मागून ये," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. निरंजन मागे दात घासत उभा होता. त्याने ब्रश वर करून होकार दिला. मी विचारलं, "नुसतं 'पाहिलं' की 'करतो'?" तेव्हा त्याने ब्रश बाहेर काढून नीट सांगितलं, "करतो. संध्याकाळची भाजी माझ्याकडे."

मीटिंगमध्ये रमणा सरांनी नव्या क्लायंटची माहिती दिली. मग म्हणाले, "रूल्स का काम फजल करेगा. मुक्ता रिपोर्ट्स देखेगी. टाइम पे घर जा सकती." माझ्याकडे बघून ते हसले; भेट दिल्यावर माणूस हसतो तसे. ते वाईट नाहीत. माझ्या लग्नाला सहकुटुंब आले होते आणि पंगतीत दोनदा पुरणपोळी मागून घेतली होती.

फजलभाई छताकडे बघत म्हणाले, "सर, मेरे कू नक्को. वो काम अभी बी वोइच करती."

"अरे, वो मालूम है. लेकिन उसका..."

"सर," मी म्हणाले.

सगळे वळले. मीटिंगमध्ये माझा आवाज येतो याची त्या खोलीला सवय नव्हती. मलाही नव्हती.

"सर, रूल्स का काम मैं करूँगी."

रमणा सर गोंधळले. लॅपटॉप थोडा पुढे सरकवला, परत मागे घेतला. मग अगदी काळजीने, तेलुगू घरातला मोठा भाऊ धाकट्या बहिणीलाही 'अम्मा' म्हणतो त्या आवाजात म्हणाले, "घर में पूछ लिए क्या, अम्मा?"

मी म्हणाले, "घर में बोल के आई, सर. पूछना तो आपको था. मेरे से."