साडूंची गव्हाची काडी

घाईघाईने पिणाऱ्या माणसाचा आमच्या थोरल्या साडूंइतका तिटकारा करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यात राहुरीत त्यांचं सरबताचं दुकान, म्हणजे तिटकारा करायला गिऱ्हाईक आयतंच. कुणी ग्लास तोंडाला लावून गटागटा रिकामा करायला लागला की ते गल्ल्यावरून ओरडत, "म्हशीला पानी पाजाया न्हाई आनलंय! नळी घ्या, बसा, बोला!" एस.टी. चुकली म्हणून टेकलेल्या माणसाची पुढची एस.टी.सुद्धा ते हमखास चुकवत. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो आणि सरबत भराभर संपवलं, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "पाव्हन्यांच्या मागं कोन लागलंय का?" तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना मी घड्याळ घरी ठेवून जातो.

त्यांच्या बाकावर रोज संध्याकाळी एक म्हातारे गुरुजी येत. साडूंना पाढे त्यांनीच शिकवलेले. गुरुजींचे हात फार थरथरत. घरी चहासुद्धा सून पाजायची. दुकानात मात्र ग्लास टेबलावर ठेवायचा, वाकून नळीला ओठ लावायचे, की कुणाची मदत लागायची नाही. दिवसातली तेवढी घटका त्यांची स्वतःची होती.

मग प्लॅस्टिकच्या नळ्या बंद झाल्या. साडूंना आनंदच झाला, कारण दुकानामागच्या ओढ्यात तुंबलेल्या नळ्या पाहून त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी लगेच कागदी नळ्या आणल्या. पण गप्पा रंगात येईस्तोवर त्यांचा लगदा व्हायचा. एके संध्याकाळी गुरुजींनी नाइलाजाने ग्लास उचलला आणि सगळं सरबत धोतरावर सांडलं. कुणीही हसलं नाही, आणि त्यानेच ते जास्त शरमले. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी यायचे बंद झाले.

साडूंचं चित्त थाऱ्यावर राहीना. कागद भिजू नये म्हणून त्यांनी नळ्या शेंगदाण्याच्या तेलात बुडवून वाळवल्या. पहिलाच घोट घेऊन एक शेतकरी म्हणाला, "मालक, सरबताला फोडनी दिली व्हय? मोहरी ऱ्हायली की!" त्या दिवशी मी पोट धरधरून हसलो. साडू नाही हसले. ते सारखे रस्त्याकडे बघत होते.

उपाय सापडला तो त्यांच्याच वावरात, गव्हाच्या सोंगणीत. जेवण झाल्यावर दात कोरायला त्यांनी एक काडी उचलली, ती पोकळ दिसली, म्हणून तांब्यात घालून पाणी ओढून पाहिलं. मग पेरांमधले तुकडे कापून, मिठाच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून त्यांनी दुकान भरून टाकलं. काडी बारीक, ओढायला वेळ लागतो, म्हणजे अगदी त्यांच्या मनासारखी. सगळ्या गिऱ्हाइकांना तीच दिली, गुरुजींना वेगळं वाटायला नको म्हणून. आणि स्वतः त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, "गुरुजी, काडीची परीक्षा घ्यायची हाय. तुमच्याबिगर कोन घेनार?" गुरुजी आले. दिवेलागणीपर्यंत बसून त्यांनी सावकाश ग्लास संपवला आणि करड्या आवाजात म्हणाले, "पास."

पुढे गुरुजी गेले. या वर्षी साडूंच्या रानात सोंगणीला हार्वेस्टर आला. त्यातून काडी अखंड निघत नाही, तिचा चुरा होतो. साडू एका वाफ्यासमोर आडवे उभे राहिले. तेवढा गहू त्यांनी विळ्याने सोंगला.

"आता कशाला एवढा खटाटोप? गुरुजी तर नाहीत," संध्याकाळी दुकानात मी म्हणालो.

"हात काय एकट्या गुरुजींचंच थरथरत्यात व्हय, पाव्हनं?" असं म्हणत त्यांनी सरबताचे दोन ग्लास भरले आणि एक माझ्यापुढे धरला. तो टेबलावर टेकेपर्यंत थोडं सरबत सांडलं.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही, बघवलंच नाही. फडताळातून दोन काड्या काढल्या, एक त्यांच्या ग्लासात घातली, एक माझ्या. आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत ते सरबत पीत बसलो.